फाटकाची स्प्रिंग

आमच्या अंगणाचं फाटक आपोआप लागायचं. ढकलून आत आलं की मागे खाडकन बसायचं. वासरू बाहेर पळायची सोयच नाही. खांब आणि फाटक यांच्यामध्ये माझ्या सासऱ्यांनी एक जाड तारेची स्प्रिंग लावली होती. नवीन माणूस आला की ते ओट्यावरून सांगायचे, "हात लावू नका, ते आपलं आपण लागतं." सहा वर्षांत त्या फाटकाने माझी टाच चार वेळा फोडली. पण कौतुक फाटकाचं, टाचेचं कोण करतं!

सासरे मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांखाली काढली. त्यांची ख्याती एकाच गोष्टीची, गाडीतला आवाज काढायचा. कुठे खडखड, कुठे करकर. दुसऱ्यांनी हात टेकले की गाडी आमच्या दारात. ते एक फेरी मारायचे, डोळे मिटून ऐकायचे, मग गाडीखाली सरकायचे. दहा मिनिटांत आवाज बंद. "आवाज गेला की दुखणं गेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षांपासून डोळ्यांवर पडदा आलाय, समोरचा माणूस सावलीसारखा दिसतो, म्हणून काम सुटलं. तोरा मात्र सुटला नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आमचे हे. ह्यांनी पाना धरला नाही, स्टीअरिंग धरलं. घरात एक जुनी पिकअप आहे. कौलांच्या भट्टीवाल्याने ती विकायला काढली तेव्हा मामंजीच म्हणाले, डोळे झाकून घ्या, माझ्या हातची गाडी आहे. तीन वर्षं हे त्या गाडीतून सकाळ-संध्याकाळ वस्तीवरच्या बावीस घरांचं दूध खाली केंद्रावर पोचवत होते. एक थेंब सांडला नाही. मग यंदा नदीवरच्या पुलाचं काम निघालं, सपाट रस्ता बंद झाला आणि सगळी ये-जा टेकडीच्या उतारावरून सुरू झाली.

उताराच्या शेवटी वळण आहे. त्या दिवशी सकाळी गाडीत बारा कॅन भरलेले, आणि पुढे ह्यांच्या शेजारी काकू. काकू आमच्या शेजारच्या. एकट्या राहतात, तीन गायी सांभाळतात. गुडघा दाखवायला दवाखान्यात निघाल्या होत्या. वळणाच्या आधी ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. पुढची चाकं फरफटत गेली आणि गाडी कठड्यावर आदळली. कॅन उलटले. बावीस घरांचं दूध उतारावरून ओघळत पार केंद्राच्या दारापर्यंत गेलं. काकूंच्या खांद्याचं हाड मोडलं.

"ब्रेक लागला नाही," हे एवढंच म्हणत होते.

गाडी ओढून केंद्राच्या अंगणात आणली. मामंजींना बोलावणं गेलं. एका ड्रायव्हरने अंगणातल्या अंगणात गाडी तीनदा फिरवली, तीनदा ब्रेक मारला. तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी उभी. मामंजी शेजारी बसून डोळे मिटून ऐकत होते. मग खाली उतरले आणि वीस-पंचवीस माणसांच्या देखत म्हणाले, "ब्रेक चोख आहे. कच्चा आहे तो पाय."

लोक हसले. बापच म्हणाला म्हटल्यावर हसायला कुणाची परवानगी लागते! त्या दिवसापासून ह्यांचं नाव 'ब्रेकवाला' पडलं. दुकानात गेले की कुणीतरी म्हणायचं, "बाजूला व्हा रे, ब्रेकवाले आले, थांबतील न थांबतील." हे ऐकून घ्यायचे, सामान उचलायचे आणि घरी यायचे. घरी आल्यावर तासभर एक शब्द नाही.

सव्वा महिना असा गेला. बंपर ठोकून सरळ केला, फुटलेला दिवा बदलला, पण हे किल्लीला शिवेनात. दूध आता पलीकडच्या वस्तीचा टेम्पो न्यायचा. तो यायचा उन्हं वर आल्यावर, तोवर दोन-तीन कॅन नासलेले. हे दिवसभर चारा कापायचे. कडबा कापायचं यंत्र हाताने फिरवायचं असतं. हे ते असं फिरवायचे की पातं तापायचं. बाप ओट्यावर, मुलगा गोठ्यात. एकमेकांशी बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर माझ्यामार्फत. मी काय पोस्टमन होते?

एका रात्री जेवता जेवता हे म्हणाले, "सोमवारी मी शहरात जातोय. मावसभावाच्या गोदामात हमालीचं काम आहे."

"आणि आम्ही?"

"पाठवत जाईन काहीतरी."

"मी पाठवायचं विचारत नाही."

ह्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "त्यांच्यासमोर बसून मला घास गिळवत नाही गं," म्हणाले. "मला वाटतं, खरंच माझा पाय चुकला असेल. रात्री झोपेतसुद्धा मी ब्रेक दाबतो." मला रडू आलं. पण मी उठून ताटं उचलली, कारण मी रडले असते तर हे रविवारीच गेले असते.

काकूंच्या गायी मीच पिळत होते. हात गळ्यात बांधलेली बाई तीन गायी कशी पिळणार? सकाळी आपल्या दोन, मग त्यांच्या तीन, संध्याकाळी पुन्हा. बोटं सुजून अशी झाली होती की कंगवा धरवत नव्हता. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

गुरुवारी सकाळी त्या पालथ्या घमेल्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी गायीच्या पोटाला डोकं टेकवलं आणि विचारलं, "काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार. रागवायला हात मोकळा लागतो."

"त्या दिवशी ह्यांचं लक्ष कुठे होतं?"

"रस्त्यावर. आणखी कुठे असणार?" काकू म्हणाल्या. "पाय देत होता तो. मी बघितलं ना बाई, शेजारीच होते. सीटवरून अर्धा उठला होता, मानेची शीर तटतटली होती. दोन्ही पायांनी दाबत होता."

माझी धार बादलीच्या बाहेर गेली. "मग हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलंच नाही. जो आला तो खांद्याचं विचारून गेला."

त्यांच्या गोठ्यापासून आमच्या दारापर्यंत जमीन उतरती आहे. रिकाम्या बादल्या घेऊन मी तो उतार तरातरा उतरते, वाटेत कुत्रं आडवं आलं तरी जागेवर थांबते. दोन्ही भरलेल्या असल्या की गोष्ट वेगळी. तेव्हा अंग मागे टाकून, टाचा रोवून चालावं लागतं, आणि थांबायचं म्हटलं तरी दोन पावलं पुढे जातातच. त्या दिवशी मी भरलेल्या बादल्या घेऊन मध्येच उभी राहिले. दूध हिंदकळून पायावर पडलं. केंद्राच्या अंगणात गाडी तीनदा थांबली होती. पण तेव्हा तिच्यात होतं काय?

मी बादल्या ओट्यावर आदळल्या. मामंजी चहा पीत होते.

"मामंजी, तुम्ही गाडी तपासलीत तेव्हा आत किती कॅन होते?"

"कॅन कुठले? सगळे रस्त्यावर पडलेले."

"म्हणजे रिकामी तपासली. भरलेली कुणी तपासली?"

"अगं बाई," ते हसले, "ब्रेकला काय कळतं, गाडी रिकामी आहे का भरलेली? ब्रेक तो ब्रेक."

एवढं म्हणून ते थांबले. कप तोंडाशी नेला, न पिता खाली ठेवला. चहावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"काकू म्हणतात, हे दोन्ही पायांनी दाबत होते," मी म्हटलं.

"जॅक कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कोनाड्यात."

"काढ. आणि त्याला सांगू नकोस."

हे दूरच्या शेतावर चारा आणायला गेले होते. मी ह्यांचा जुना सदरा चढवला, डोक्याला फडकं बांधलं, गाडीखाली पोतं अंथरलं. मामंजींनी चाकांना हाताने चाचपून दगड लावून घेतले, गाडी उचलून खाली ओंडके सरकवायला लावले आणि स्वतः मागच्या चाकापाशी पाटावर बसले. त्यांना आत सरकणं शक्य नव्हतं. सरकले असते तरी दिसलं काय असतं?

गाडीच्या पोटाखाली इतकी वर्षं मी कधी गेले नव्हते. वाळका चिखल, ऑइलचा वास, आणि नाकापासून वितीभर अंतरावर ते सगळं लोखंड. मान वळवायला जागा नाही. डोळ्यांत माती पडली.

"ब्रेकचा पाइप धर," बाहेरून मामंजी म्हणाले. "करंगळीपेक्षा बारीक. धरला? आता सोडू नकोस, त्याच्याबरोबर मागे मागे ये."

"आले. इथे मुठीएवढी लोखंडाची पेटी आहे. पाइप तिच्यात जातोय."

"तिच्या अंगाला काय आहे?"

"एक छोटा दांडा. लोंबतोय."

"लोंबतोय? कशाला जोडलेला नाही?"

"नाही. टोकाला भोक आहे. आत थोडं फाटकं रबर."

मामंजींनी पाट पुढे ओढला. मग म्हणाले, "तिथून सरळ खाली, मागच्या चाकांना जोडणारा जाड लोखंडी नळा आहे ना, त्याच्यावर हात फिरव. कानासारखी एक पट्टी लागेल."

हात फिरवला. चिखलाचे थर नखांनी खरवडले. "लागली. हिलाही भोक आहे. रिकामं. भोकाभोवती गोल खूण आहे, नट आवळल्याची." मला एकदम समजलं. वर एक भोक, खाली एक भोक, आणि मध्ये वीतभर जागा. "मामंजी, इथे काहीतरी होतं. ह्या दोघांच्या मध्ये. कुणीतरी काढलंय."

मला तिथून त्यांचे फक्त पाय दिसत होते. भेगाळलेल्या टाचा, आणि पायाची बोटं मातीत रुतवलेली.

"मामंजी?"

"तो दांडा वर उचल," ते म्हणाले. "उचलला जातो?"

"जातो. सोडला की खाली पडतो."

"पुन्हा उचल." मी उचलला. "सोड." सोडला. खट् करून पडला. तो आवाज त्यांनी ऐकला.

"बाहेर ये, पोरी."

मी बाहेर येऊन डोळे पुसेपर्यंत ते हौदाशी गेले होते. साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होते. हात माझे घाण झाले होते, धूत हे होते. मग काही न बोलता फाटकाकडे चालत गेले, उघडून बाहेर पडले. मागे फाटक खाडकन लागलं आणि ते जागच्या जागी उभे राहिले. वळले. चाचपत चाचपत खांबाशी आले आणि स्प्रिंगवर हात ठेवला.

मी जवळ गेले.

"ही त्या गाडीची आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"ही." स्प्रिंगवरून त्यांचा अंगठा फिरत होता. "भट्टीवाला आला होता. मागून खडखड येतो म्हणाला, डोकं उठतं. हिचं रबर झिजलं होतं. नवीन रबर मिळायला आठ दिवस लागले असते. मी अख्खी स्प्रिंगच काढून टाकली. खडखड बंद. तो खूश, मी खूश. चांगली जाड तार, टाकवेना, म्हणून इथे लावली."

"ती होती कशासाठी?"

"गाडीच्या पाठीवर ओझं किती आहे, ते ही ब्रेकला सांगायची. ओझं पडलं की पाठ खाली दबते, दांडा वर जातो, मागच्या चाकांना ब्रेक जास्त मिळतो. दांडा लोंबला की गाडीला वाटतं, आपण रिकाम्याच आहोत. मग बारा कॅन भरा नाहीतर डोंगर भरा."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. तू दांडा उचललास तेव्हा." त्यांनी स्प्रिंग मुठीत धरली. "कुणाला विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण मिस्त्रीने कुणाला विचारायचं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ह्यांचं ते खाली घातलेलं डोकं, काकूंचा गळ्यात बांधलेला हात, माझी सुजलेली बोटं, सगळं एकदम तोंडाशी आलं. हा माणूस आंधळा नसता तर मी काय काय बोलले असते ते माझं मलाच माहीत. मी एवढंच म्हटलं, "काढा ती."

त्यांनी पाना मागितला आणि हाताच्या अंदाजाने दोन्ही नट सोडले. फाटक सैल होऊन उघडं पडलं.

शुक्रवारी आम्ही दोघं बसने बाजाराच्या गावी गेलो. ह्यांना सांगितलं, डोळे दाखवायला जातोय. स्प्रिंग पिशवीत घालून मामंजींनी मांडीवर धरली होती. खिडकीतून ऊन येत होतं, पण त्यांनी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली नाही की माझ्याकडे दिली नाही.

सुट्या भागांच्या दुकानात गर्दी होती. मी स्प्रिंग काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती उलटीसुलटी करून बघितली. "ही लोडची स्प्रिंग. हिच्यावर हा हिरवा ऑइलपेंट कसला?"

"फाटकाला लावली होती," मी म्हटलं.

दुकानातली माणसं हसली. दुकानदारही हसला. "वा! काय एकेक डोकं असतं. अहो, काही अडाणी मिस्त्री आहेत, खडखड होतो म्हणून हीच काढून फेकतात. जीव जातो एखाद्याचा, पण यांचा खडखड बंद झाला पाहिजे!"

मी मान खाली घातली. मामंजींनी घातली नाही.

"हो," ते म्हणाले. "अडाणीच. नवीन आहे का?"

"आहे. पण ही वाईट दिसत नाही. दोन रबरं देतो, हीच लावा."

"नको. सहा वर्षं तिने फाटक ओढलंय, तिच्यात दम राहिला नाही. नवीन द्या, रबरांसकट. आणि बसवायची कशी, किती अंतर ठेवायचं, ते मला नीट सांगा."

दुकानदाराने सांगितलं. मामंजींनी त्याला दोनदा पुन्हा सांगायला लावलं, आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवलं. चाळीस वर्षं काम केलेला माणूस काउंटरपाशी उभा राहून शाळेतल्या मुलासारखा धडा म्हणत होता. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "आजोबा, आटपा की." तरी ते हलले नाहीत.

घरी आलो तेव्हा हे गोठ्यात चारा कापत होते. मामंजी दाराशी जाऊन उभे राहिले. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. ह्यांनी बघितलं, पण यंत्र थांबवलं नाही.

"तुझा पाय बरोबर होता," मामंजी म्हणाले.

यंत्र फिरत राहिलं. कच्, कच्, कच्.

"त्या गाडीची लोडची स्प्रिंग मी काढली होती. भट्टीवाल्याकडे होती तेव्हा. फाटकाला जी होती ती. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक पुरेसा मिळतच नव्हता. सपाटीवर खपून गेलं, उतारावर नाही खपलं."

कच्. यंत्र थांबलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. हे घमेल्यावर खाली बसले. मला वाटलं, आता ओरडतील, काहीतरी फेकतील. फेकलं असतं तर मी अडवलं नसतं.

"हे इथे काय सांगता?" शेवटी हे म्हणाले. आवाज अगदी हळू. "गोठ्यात गायी आहेत. त्यांनी मला कधी नावं ठेवली नाहीत. जिथे बोललात तिथे बोला."

"बोलतो," मामंजी म्हणाले.

शनिवारी सकाळी ह्यांनी स्प्रिंग बसवली. मामंजी पाटावर बसून पाने देत होते. बोलणं फक्त कामाचं. "बाराचा." "हा घे." "रबर आत गेलं?" "गेलं." मग मामंजी म्हणाले, "भरून बघायचं. रिकामं बघितलेलं मी बघितलेलं धरत नाही." मी आणि ह्यांनी हौदातून बारा कॅन पाणी भरलं, उचलून गाडीत चढवलं. गाडीची पाठ दबली. हे खाली सरकले आणि आतून ओरडले, "दांडा वर आलाय!" मामंजींनी डोळे मिटले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

हे गाडी घेऊन वस्तीच्या रस्त्याने दोनदा गेले, दोनदा आले. परत आले तेव्हा सदरा घामाने ओला, पण चेहरा सव्वा महिन्यापूर्वीचा.

रविवारी पहाटे दूध गोळा करायला निघालो. बावीसमधल्या नऊ घरांनी दूध दिलं नाही. आम्ही टेम्पोलाच देऊ म्हणाले. एका बाईने कॅन हातात ठेवूनच विचारलं, "नक्की ना?" म्हणून कमी पडलेले कॅन आम्ही पाण्यानेच भरलेले ठेवले. बारा म्हणजे बारा. काकू त्यांच्या दारात तयार होऊन उभ्या. गळ्यात बांधलेला हात, दुसऱ्या हातात पिशवी.

"काकू, तुम्ही कुठे?"

"दवाखान्यात. गुडघा दाखवायचा राहिलाय ना." आणि पुढचं दार उघडून सरळ आपल्या जागेवर बसल्या. हे स्टीअरिंगवर डोकं टेकवून क्षणभर तसेच राहिले. "अरे चल," काकू म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला आधीच सव्वा महिना उशीर झालाय."

मामंजी आणि मी मागे, कॅनच्या मध्ये. उतार सुरू झाला तसा मामंजींनी गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मी बघत होते, त्यांचा उजवा पाय पत्र्यावर आपोआप दाबला जात होता. वळण दिसलं. कठड्याचे दगड अजून पडलेलेच होते. ह्यांनी ब्रेक दाबला. कॅन एकमेकांवर खडखडले, गाडी जड अंगाने बसली, हळू झाली, आणि वळणाच्या दहा पावलं अलीकडे उभी राहिली. थांबायची गरज नव्हती. तरी ह्यांनी थांबवली.

पुढून काकूंचा आवाज आला, "झालं? आता चल."

मामंजी रडत होते. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मी पाण्याच्या कॅनकडे बघत राहिले. त्यांना आवडलं नसतं मी बघितलेलं.

केंद्राच्या अंगणात नेहमीची माणसं होती. पाच-सहा गाड्या उभ्या. ह्यांना बघून कुणीतरी म्हणालं, "अरे, बाजूला व्हा." मामंजी माझा खांदा धरून खाली उतरले आणि म्हणाले, "मला त्या दिवशी जिथे उभा होतो तिथे ने." मी नेलं. त्यांनी पिशवीतून फाटकाची स्प्रिंग काढली आणि वर धरली.

"इथे उभं राहून मी बोललो होतो, कच्चा आहे तो पाय. पाय चोख होता. ब्रेकचा भाग मी काढला होता, ह्या हातांनी. खडखड होतो म्हणून."

केंद्रावरचा दुधाचं माप घेणारा हसला. "मिस्त्री, जाऊ द्या हो. पोरासाठी बापाला बोलावं लागतं, आम्हाला कळतं की."

म्हणजे खरंही कुणी मानायला तयार नाही! मला वाटलं ती स्प्रिंग घेऊन त्याच्या डोक्यात घालावी. ह्यांचा चेहरा पुन्हा पडायला लागला होता.

मामंजी मात्र त्याच्याकडे वळलेच नाहीत. "निळ्या पिकअपवाला आहे का इथे?" त्यांनी विचारलं.

"आहे की," एकजण पुढे आला. "काय मिस्त्री?"

"तुझी गाडी मागून वाजत होती. दोन दिवाळ्या... नाही, अडीच वर्षं झाली. आता वाजते?"

"नाही वाजत. तुम्हीच तर एका मिनिटात..." बोलता बोलता तो थांबला.

"गाडीपाशी ने मला," मामंजी म्हणाले. आणि धुतलेल्या कपड्यांत, खडीवर, सत्तरीचा माणूस पाठीवर आडवा झाला. अंग कसंबसं गाडीखाली ओढलं. गुडघे बाहेर राहिले. आतून हात फिरल्याचा आवाज येत होता, खरवडल्याचा. मग खट्. दांडा पडल्याचा तो आवाज आता मलाही ओळखू येत होता.

"इथेही नाही," आतून ते म्हणाले. "उतारावरून भरून नेऊ नकोस रे. आज रिकामीच ने."

निळ्या पिकअपवाला आपल्या गाडीत भरलेल्या कॅनकडे बघत राहिला. त्याची बायको पुढच्या सीटवर बसलेली होती. तो गेला आणि तिला हाताला धरून खाली उतरवलं. माप घेणाऱ्याने मापं बाजूला ठेवली. आता कुणी हसत नव्हतं.

हे पुढे झाले. मामंजींच्या शेजारी खडीवर आडवे होऊन गाडीखाली सरकले. मी वाकून बघितलं. ह्यांनी बापाचा हात धरला होता, मनगटाजवळ.

"किती काढल्या अशा?" ह्यांनी विचारलं.

"चौदा. कुणाकुणाच्या ते लक्षात आहे सगळं. दोघं पार घाटापलीकडे राहतात."

"उद्यापासून जाऊ. दूध टाकून झालं की."

मामंजी म्हणाले, "उद्या सोमवार. तू शहरात जाणार होतास."

"तुम्हाला मग कोण नेणार?" हे म्हणाले. "चला, बाहेर या आता. पाठीला खडी टोचते."

दोघांना बाहेर यायला वेळ लागला. मामंजींच्या सदऱ्याची पाठ काळी झाली होती. ह्यांनी ती झटकली नाही, फक्त त्यांना उठवून उभं केलं.

परत येताना गाडी रिकामी होती. काकू दवाखान्यात राहिल्या, म्हणून मामंजी पुढे बसले. घराशी आल्यावर ते उतरले, चाचपत जाऊन फाटक उघडलं, गाडी आत आली. मागे फाटक तसंच उघडं राहिलं. वासराने मान वर केली. मामंजी चार पावलं ओट्याकडे चालले, थांबले, मागे वळले आणि खांबापर्यंत परत गेले. फाटक हाताने ओढून लावलं, कडी घातली, आणि लागलीय का ते हलवून बघितलं.